जिओइंजिनियरिंग: स्वस्तात मस्त की सगळंच फस्त?

हिशेबनीस

मंडळी, एक आकडा काही केल्या डोक्यातून जात नाहीये. सव्वादोन अब्ज डॉलर, वर्षाला. वेक स्मिथ आणि गर्नोट वॅगनर यांच्या २०१८ च्या शोधनिबंधातला हा अंदाज. २० किलोमीटर उंचीवर जाणारी खास विमानं बांधायची आणि त्यांतून स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे पाऊस-ढगांच्या वरच्या हवेच्या थरात, सल्फर डायऑक्साइड सोडायचा. त्याचे सूक्ष्म कण थोडं ऊन परत अवकाशात पाठवतील आणि पृथ्वीच्या तापण्याचा वेग निम्म्यावर येईल. पहिल्या वर्षी ४,००० उड्डाणं, पंधराव्या वर्षी ६०,०००. सव्वादोन अब्ज ही पहिल्या १५ वर्षांची सरासरी.

माझा पेशा हिशेब तपासण्याचा. जगाच्या ताळेबंदात ही रक्कम किरकोळ खर्चात टाकावी इतकी आहे. मधल्या आकाराचा कुठलाही देश हे एकट्याच्या जिवावर करू शकेल, फार काय, काही व्यक्तीसुद्धा करू शकतील. आणि समोरच्या पानावर अख्ख्या जगाचा ऊर्जेचा गाडा बदलण्याचा खर्च, जो ट्रिलियनमध्ये मोजतात. इतकी स्वस्त बोली समोर आली की आमच्या धंद्यात पहिला संशय येतो की काहीतरी वहीबाहेर ठेवलंय.

तर प्रश्न हा की वहीबाहेर नक्की काय काय ठेवलंय? आणि ते धरूनही हे फायद्याचं ठरतं का?

विनंती एकच. "निसर्गाशी खेळू नये" एवढं लिहून थांबू नका. तो खेळ सुरू होऊन दोनशे वर्षं झाली.

(हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेणं हेही जिओइंजिनियरिंग याच नावाखाली येतं. त्यावर लिहा, पण सरमिसळ नको. एकात ऊन कमी करायचंय, दुसऱ्यात वायू.)

बिनपगारी

पयला! सविस्तर प्रतिसाद सवडीने.

ढगात_गोळी

चांगला विषय. आधी जमेची बाजू मांडतो, कारण पुढे सगळे नावेच टाकणार आहेत.

ही कल्पना हवेतली नाही. (हवेतलीच आहे, पण कळलं ना.) फिलिपीन्समधला माउंट पिनातुबो हा ज्वालामुखी १५ जून १९९१ ला फुटला. त्याने सुमारे दीड कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्ट्रॅटोस्फिअरमध्ये नेऊन सोडला. त्या वायूचे काही आठवड्यांत गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब बनले आणि ते सगळ्या पृथ्वीभोवती पसरले. पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने खाली होतं. दोनेक वर्षांत थेंब खाली आले आणि तापमान पूर्वपदावर.

इथे उंची महत्त्वाची आहे. तोच वायू जमिनीलगत सोडला तर आठवड्याभरात पावसाबरोबर धुऊन निघतो. स्ट्रॅटोस्फिअरमध्ये पाऊसच नसल्याने तो वर्ष-दोन वर्षं टिकतो. म्हणून विमानांचा एवढा आटापिटा.

आता मला दुसरा असा एक उपाय सांगा ज्याने एका वर्षात जगाचं तापमान खाली येतं. उद्या सकाळी जगातली सगळी धुराडी बंद केली तरी तापमान वाढायचं थांबेल, खाली येणार नाही. वेग ही जमेची सर्वात मोठी बाब आहे, आणि उष्णतेच्या लाटेत मरणाऱ्यासाठी ती किरकोळ नाही.

तिरपागडे

म्हणजे आकाश निळ्याऐवजी पांढुरकं दिसणार आणि सूर्यास्त लालभडक. कवींनी आधीच एवढं लिहून ठेवलंय, त्याच्या दुरुस्तीचा खर्च धरलाय का सव्वादोन अब्जांत?

(दिवा घ्या)

शुभ्रा

@ढगात_गोळी, पिनातुबोची गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. तापमान खाली आलं हे खरं, पण त्याच सुमारास जमिनीवरचा पाऊसही ठळकपणे घटला आणि नद्यांमधून समुद्राकडे जाणारं पाणीही. केविन ट्रेनबर्थ आणि आइग्वो दाई यांनी २००७ मध्ये हे आकडेवारीनिशी मांडलं.

कारण सरळ आहे. ऊन कमी म्हणजे बाष्पीभवन कमी, आणि वर जाणारी वाफच कमी झाली तर खाली पडायला येणार कुठून? कार्बन डायऑक्साइडने होणारी वाढ आणि उन्हाच्या कपातीने होणारी घट या तापमानाच्या काट्यावर एकमेकींना कापतात, पावसाच्या काट्यावर कापत नाहीत. सरासरी तापमान जुन्या जागी आणलं तरी पाऊस जुन्या जागी येत नाही.

त्याहून वाईट म्हणजे कण कुठे सोडले यावरही पाऊस सरकतो. जिम हेवूड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातल्या सर्वात कोरड्या चार उन्हाळ्यांपैकी तीन उन्हाळ्यांच्या आधी उत्तर गोलार्धात मोठे उद्रेक झाले होते. १९१२ चा अलास्कातला काटमाई आणि १९८२ चा मेक्सिकोतला एल चिचोन त्यातलेच. एकाच गोलार्धावर सावली धरली की पावसाचा पट्टा दुसऱ्या, उबदार गोलार्धाकडे ढळतो.

म्हणजे उत्तरेकडच्या एखाद्या श्रीमंत देशाने फक्त आपल्या बाजूला फवारणी केली तर बिल साहेलच्या शेतकऱ्याला. हिशेबनीस, हे कुठल्या खात्यात?

हिशेबनीस

@शुभ्रा, हेच हवं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर खर्च एका संस्थेच्या वहीत आणि नुकसान दुसऱ्याच संस्थेच्या. एकत्रित ताळेबंद केला की नफा दिसतो, आणि त्या नफ्याच्या पोटात एकजण संपलेला असतो.

पण पुढचा प्रश्न. समजा फवारणी सुरू आहे आणि एका वर्षी कुठेतरी दुष्काळ पडला. तो फवारणीमुळे पडला की तसाही पडला असता, हे ठरवणार कोण? भरपाईचा दावा कसा शाबीत होणार?

ढगात_गोळी

एकेका वर्षाच्या दुष्काळाबद्दल "हा यामुळेच" असं नाही शाबीत होणार. शक्यता किती पट वाढली एवढंच सांगता येतं, आणि त्यातही हवामानाची दोन संगणकी प्रारूपं दोन उत्तरं देतात.

शुभ्राताई, दोन्ही गोलार्धांत बेताने, वेगवेगळ्या अक्षांशांवर कण सोडले तर पावसाचं सरकणं बरंच आवरता येतं, हेही लिहा की. हेवूड यांचा निष्कर्षही एकाच गोलार्धातल्या फवारणीविरुद्ध होता.

शुभ्रा

लिहिते: आवरता येतं, जर सगळे देश एका आराखड्यावर एकमत झाले आणि पुढची शंभर वर्षं त्याला चिकटून राहिले तर. झालं समाधान? :)

खलाशीबुवा

मी जहाजाच्या इंजिनरूममधला माणूस, हवामानशास्त्र माझा प्रांत नाही. पण तुम्ही ज्या प्रयोगाबद्दल "करावा का" म्हणून भांडताय, तो आम्ही वर्षानुवर्षं करत होतो आणि मग एका तारखेला बंद केला. म्हणून लिहितो.

मोठी जहाजं जे जड तेल जाळतात ते रिफायनरीचा तळातला गाळ असतो. थंड असताना पंपाने हलेल तर शपथ. ते तापवत ठेवायचं, प्युरिफायरमधून फिरवून पाणी आणि गाळ काढायचा, मग इंजिनाच्या तोंडाशी साधारण १३० अंशांपर्यंत नेलं की पिचकारीतून उडण्याइतकं पातळ होतं. त्यात साडेतीन टक्क्यांपर्यंत गंधक चालायचं. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ती मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली.

आमच्यासाठी तो बदल म्हणजे टाक्या घासा, जुन्या तेलाचा अंश ठेवू नका, नवं तेल जुन्यात मिसळलं तर फाटतं आणि फिल्टर गाळाने भरतात. तापमान बेताने उतरवा, घाई केली की पंप जाम. रात्रीअपरात्री फिल्टर उघडून तो काळा लगदा खरवडताना कोणाच्या मनात येतं की आपण आत्ता वरचे ढग बदलतोय?

पण खरंच बदलत होतो. धुरातल्या गंधकाच्या कणांवर समुद्रावरचे ढग जास्त दाट आणि पांढरे होतात. उपग्रहाच्या चित्रांत जहाजांच्या मार्गांवर पांढऱ्या रेघा दिसायच्या. २०२० नंतर त्या रेघा बऱ्याच विरळ झाल्या. म्हणजे ती सावली गेली. किती फरक पडला यावर तज्ज्ञांची अजून हुज्जत चालू आहे.

गंधक कमी केलं ते चुकलं असं मी म्हणत नाही. बंदरांजवळ राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांना विचारा.

बिनपगारी

खलाशीबुवा, एक नंबर प्रतिसाद. इंजिनरूमवर वेगळा धागा काढाच.

बेरीज_वजाबाकी

खलाशीबुवांनी नकळत या धाग्यातली सर्वात महागडी नोंद सांगितली. नुसती जहाजं नव्हेत, कारखाने, वीजकेंद्रं, गाड्या या सगळ्यांच्या धुरातले कण मिळून आजही तापमानवाढ झाकून ठेवताहेत. किती? आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालातला पल्ला आहे ०.० ते ०.८ अंश. शून्य ते पाऊण अंशाच्याही वर! जे आपण इतकी वर्षं करत आलो त्याच्या परिणामाचा अंदाज जर इतका सैल असेल, तर जे अजून केलंच नाही त्याचा हिशेब सव्वादोन अब्ज असा दशांशासकट कुठून येतो? तो आकडा विमानांचा आहे, हवामानाचा नाही.

आणि पॉल क्रुट्झन यांनी २००६ मध्ये हा विषय पुन्हा चर्चेत आणला तो याच कोंडीमुळे. हवा स्वच्छ केली की झाकलेली उष्णता उघडी पडते. क्रुट्झन म्हणजे ओझोनच्या रसायनावर १९९५ चं नोबेल मिळवलेले, कोणी सोम्यागोम्या नव्हे. त्यांचंही म्हणणं हेच की उत्सर्जन इतकं कमी व्हावं की याची वेळच येऊ नये.

सत्यशोधक_९९

तुम्ही लोक अजून "करावं का" यावरच अडकलात! विमानांच्या मागे पांढऱ्या रेघा दिसतात त्या काय आहेत? फवारणी कधीच सुरू झाली आहे. अमेरिकेत टेनेसी राज्याने २०२४ मध्ये त्यावर बंदीचा कायदा केला, मग फ्लोरिडाने. उगाच का?

खडूस_आजी

बाळा, इंजिनातून बाहेर पडणारी वाफ थंड हवेत गोठते, तिची रेघ होते. प्रवासी विमानं १०-१२ किलोमीटरवर उडतात. ढगात_गोळी यांनी वर उंचीचं सांगितलंय ते वाच. तिथे गंधक सोडणं म्हणजे पैसे धुऊन काढणं.

कायदा झाला म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. कायदे मतदारांच्या भीतीवरही होतात.

तिरपागडे

आजींचा प्रतिसाद फ्रेम करून लावावा.

मधली_सुट्टी

मला हे सगळं मोडलेल्या पायाने वेदनाशामक गोळी घेऊन पळण्यासारखं वाटतं. दुखणं थांबलं की माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो. ऊन कमी करता येतंय म्हटल्यावर तेल-कोळसावाले कशाला थांबतील? मोठा तोटा हाच, आणि तो कुठल्याच वहीत नाही.

ही भीती काल्पनिकही नाही. १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना त्यांच्या शास्त्रीय सल्लागारांनी कार्बन डायऑक्साइडवर अहवाल दिला. त्यात सुचवलेला उपाय काय, तर समुद्रावर प्रकाश परतवणारे कण पसरवणं. खर्च वर्षाला ५० कोटी डॉलर. इंधन कमी जाळा, हे त्या उपायात नव्हतंच. म्हणजे रोगाचं निदान झालं त्याच कागदावर गोळीची चिठ्ठी होती.

ढगात_गोळी

पण ज्याचा पाय मोडलाय त्याला ऑपरेशन होईपर्यंत गोळी देतातच की! "दुखू दे, म्हणजे धडा शिकेल" असं कुठला डॉक्टर म्हणतो?

आणि गंमत बघा, जॉन्सनना अहवाल मिळाला, समुद्रावर कण कोणी पसरले नाहीत. तरीही त्यानंतरची साठ वर्षं उत्सर्जन वाढतच गेलं. टाळाटाळ करायला लोकांना गोळीची गरज लागत नाही.

मधली_सुट्टी

डॉक्टर गोळी देतात ती ऑपरेशनची तारीख ठरल्यावर. इथे तारीख कुठंय?

बेरीज_वजाबाकी

गोळी पुरे. मुद्दा थांबण्याचा आहे, त्यावर येऊ.

कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात. कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतकं राहतो. समजा पन्नास वर्षं फवारणी केली आणि खाली उत्सर्जन चालूच ठेवलं. मग युद्ध, मंदी, सत्तापालट, काहीतरी होऊन विमानं थांबली. पन्नास वर्षं दाबून ठेवलेली वाढ एक-दोन दशकांत उसळून येणार. झाडं, पिकं, प्राणी यांना एवढ्या वेगाशी जुळवून घेता येत नाही. म्हणजे विमानांवर वर्षाला सव्वादोन अब्ज हा खर्च नाहीच, तो एका न संपणाऱ्या कराराचा पहिला हप्ता आहे.

आता विरुद्ध बाजूही सांगतो, नाहीतर ढगात_गोळी येतीलच. अँडी पार्कर आणि पीटर अर्व्हाइन यांनी २०१८ मध्ये असं मांडलं की ही भीती फुगवलेली आहे. यंत्रणा स्वस्त आहे, तेव्हा एकाने थांबवली तर दुसरा काही महिन्यांत सुरू करेल, आणि ज्याला थांबायचंय तो हळूहळू उतरवू शकतो.

मला ते अर्धं पटतं. स्वस्त आहे म्हणून दुसरा सुरू करेल, हे खरं. पण स्वस्त आहे म्हणूनच नको असलेलाही सुरू करेल. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी हाच पेच मांडला होता. उत्सर्जन कमी करताना प्रत्येकजण दुसऱ्याच्या खर्चावर फुकट बसायला बघतो. इथे उलटं. ज्याला सर्वात जास्त थंडावा हवा, तोच सगळ्यांच्या वतीने गाडी हाकतो.

शुभ्रा

बेरीज_वजाबाकी यांना +१.

राहिलेल्या तीन नोंदी भराभर. एक, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून होणारं समुद्राचं आम्लीकरण तसंच चालू राहणार. औद्योगिक युगाआधी पृष्ठभागाचा पीएच ८.२ च्या आसपास होता, आता ८.१. दिसायला लहान, पण ही मोजपट्टी लॉगरिदमिक आहे, आम्लता सुमारे पाव पटीने वाढली. सावलीचा यावर काडीचा उपयोग नाही. दोन, पिनातुबोनंतर ओझोनची झीज वाढली होती, कारण त्या थेंबांच्या पृष्ठभागावर क्लोरीनच्या अभिक्रिया जोरात होतात. तीन, पिकं. २०१८ मध्ये जोनाथन प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी एल चिचोन आणि पिनातुबो या दोन्ही उद्रेकांनंतरचं उत्पादन तपासलं. थंडाव्याने पिकांचा जो फायदा व्हायचा, तो कमी उन्हाने जवळपास सगळा खाऊन टाकला.

हे तिसरं वाचून मी खरंच थबकले. उष्णतेपासून शेती वाचवायची, हे फवारणीच्या बाजूने केलं जाणारं पहिलं आर्जव असतं.

समुद्रमंथन

हिशेबनीस यांनी दुसऱ्या प्रकाराला परवानगी दिलीये म्हणून लिहितो. वायू काढून घेणं हे तत्त्वतः जास्त प्रामाणिक काम आहे, कारण ते मुळावर जातं. अडचण प्रमाणाची.

आइसलँडमध्ये हवेतून थेट कार्बन डायऑक्साइड शोषणारा ऑर्का नावाचा प्रकल्प २०२१ मध्ये सुरू झाला, क्षमता वर्षाला ४,००० टन. २०२४ मध्ये त्याच्याच जवळ मॅमथ आला, ३६,००० टनांचा. जीवाश्म इंधनांमुळे जग वर्षाला सोडतं सुमारे ३,७०० कोटी टन. भागाकार करा. दहा लाखांहून जास्त मॅमथ लागतील, तेही प्रत्येक यंत्र पूर्ण क्षमतेने चाललं तर.

आता समुद्राकडे. दक्षिण महासागरात पोषकद्रव्यं भरपूर, पण लोह कमी, म्हणून वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढत नाहीत. लोह टाका, प्लवक फुलतील, कार्बन घेऊन तळाशी बुडतील, असा तर्क. २००९ च्या सुरुवातीला भारत आणि जर्मनीच्या संशोधकांनी मिळून लोहाफेक्स हा प्रयोग केला. पोलारश्टेर्न हे जर्मन संशोधन जहाज, पाण्याच्या एका मोठ्या भोवऱ्यातला ३०० चौरस किलोमीटरचा तुकडा. पर्यावरण संघटनांनी आरडाओरडा केल्यावर जर्मन सरकारने मध्येच थांबवायला लावलं होतं, मग परवानगी मिळाली.

झालं काय? लोह टाकलं, प्लवक वाढले, इथवर पुस्तकाप्रमाणे. पण डायटम नावाचे जे जड, काचेच्या कवचाचे प्लवक बुडायला हवे होते, ते वाढलेच नाहीत, कारण त्या पाण्यातलं सिलिका आधीच्या बहरांनी संपवलं होतं. वाढले ते मऊ, कवच नसलेले. त्यांना कोपेपॉड म्हणजे तांदळाएवढ्या कवचधारी जिवांनी फस्त केलं (घ्या, धाग्याचं शीर्षक सार्थ). त्या कोपेपॉडांवर अँफिपॉड म्हणजे कोळंबीसारखे मोठे जीव तुटून पडले. कार्बन फिरून वरच्या पाण्यातच. तळाशी गेला तो नगण्य.

मला हा प्रयोग फार आवडतो. नापास झाला म्हणून नव्हे, तर लोह टाकल्यावर कोण कोणाला खाणार हे कागदावरच्या हिशेबात कोणी धरलंच नव्हतं आणि समुद्राने ते करून दाखवलं म्हणून.

बिनपगारी

आलो सवडीने. हे सगळं आवडलं, पण एक विचारतो. लोहाफेक्स केला म्हणून कळलं ना? मग हवेतले प्रयोग का होऊ देत नाहीत? हार्वर्डचा स्कोपेक्स आठवा. एक फुगा, २० किलोमीटरवर. पुढेमागे किलो-दोन किलो चुनखडीची पूड सोडणार होते. २०२१ मध्ये स्वीडनमध्ये किरुना इथे नुसती उपकरणं तपासायची होती, कणसुद्धा सोडायचा नव्हता. तरी तिथल्या सामी आदिवासींच्या परिषदेने आणि पर्यावरणवाद्यांनी हाणून पाडलं. २०२४ मध्ये प्रकल्पच गुंडाळला.

जो धूर एक मालवाहू जहाज सहज सोडतं त्यापुढे हे काय होतं?

खडूस_आजी

किलो-दोन किलोचा प्रश्न नव्हता रे. ज्यांच्या डोक्यावर करणार त्यांना विचारलं नाही, हा प्रश्न होता. अलामेडाचं उदाहरण बघ. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को बे मध्ये यूएसएस हॉर्नेट ही निवृत्त विमानवाहू नौका आता संग्रहालय म्हणून उभी आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या डेकवर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी एक मोठा पंख्यासारखा फवारा लावला आणि समुद्री मिठाचे सूक्ष्म कण डेकच्या लांबीवर उडवून मोजमाप सुरू केलं. मीठ! गंधक नाही, काही नाही. नगरपालिकेला पत्ता लागला तो बातमी वाचून. तिने काम थांबवलं, तज्ज्ञ नेमले. आरोग्याला धोका नाही असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला, आणि तरीही जूनमध्ये नगरसेवकांनी एकमताने नाही म्हटलं.

त्याउलट ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर २०२० पासून समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्याने ढग उजळवायच्या चाचण्या होताहेत. प्रवाळ वाचवायचंय हे तिथल्यांना कळतं. विश्वास आधी कमवावा लागतो, मग फवारा.

बिनपगारी

आजी, मान्य. पण मग चोरून करणाऱ्यांचं फावतं ना? २०२२ मध्ये एका अमेरिकी स्टार्टअपने मेक्सिकोत कोणाला न विचारता गंधक भरलेले फुगे सोडले. पुढच्याच जानेवारीत मेक्सिकोने असे प्रयोग बंद करण्याची घोषणा केली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर २०१२ मध्ये सुमारे १०० टन लोहाचं संयुग असंच समुद्रात ओतलं गेलं होतं. विचारून करणारे अडकतात, न विचारणारे मोकाट.

मधली_सुट्टी

म्हणूनच २०२२ मध्ये साठेक अभ्यासकांनी "सौर जिओइंजिनियरिंग न वापरण्याचा आंतरराष्ट्रीय करार करा" असं आवाहन केलं. सरकारी पैसाही नको, बाहेरचे प्रयोगही नकोत.

ढगात_गोळी

आणि मग एखादा देश उष्णतेने होरपळून निघाला, त्याने ठरवलं की आता करायचंच, तर तो कशाच्या आधारे करणार? तुमच्या आवाहनाच्या? अज्ञान म्हणजे सावधगिरी नव्हे. ब्रिटनच्या आरिया या सरकारी संस्थेने २०२५ मध्ये सुमारे ५.७ कोटी पौंड अशा संशोधनाला दिले, त्यात छोट्या, मोजूनमापून करायच्या बाहेरच्या चाचण्याही आहेत. मला तो रस्ता बरा वाटतो.

मधली_सुट्टी

रस्ता बरा, पण तो जातो कुठे ते तुम्हालाही माहितीय.

तिरपागडे

दोघांनीही पाणी प्या. स्ट्रॅटोस्फिअरमध्ये पोचला आहात.

हिशेबनीस

सगळं दोनदा वाचलं. आता मूळ प्रश्नावर येतो.

मी धागा काढला तेव्हा मला वाटत होतं की राहिलेल्या नोंदी मिळाल्या की बेरीज होईल. नोंदी मिळाल्या: पाऊस, पिकं, ओझोन, आम्लीकरण, थांबवण्याचा धोका. पण बेरीज होत नाहीये, आणि अडचण आकडे नसण्याची नाही. बेरीज करायला एक वही लागते आणि तिचा एक मालक. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने मागणी काय केली होती, तर नुसता एक तज्ज्ञगट नेमा, जो उपलब्ध माहिती अभ्यासेल. त्यावरही एकमत झालं नाही, ठराव मागे घ्यावा लागला. वही उघडायलाच नकार! अशा स्थितीत सव्वादोन अब्ज हे विमान कंपनीचं कोटेशन आहे, प्रकल्पाचा खर्च नव्हे. मी त्यावर सही करणार नाही.

पण मधली_सुट्टी, तुमच्या बाजूनेही सही करत नाही. कारण "काहीच न करणं" याच्या पानावर शून्य लिहिलेलं नाही. २०२४ हे औद्योगिक युगाआधीच्या तापमानापेक्षा दीड अंश जास्त ही वेस ओलांडणारं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं. फवारणीचा दुष्काळ आणि तापमानवाढीचा दुष्काळ यांची तुलना करायची, तर दोन्ही आकडे हवेत. तेव्हा संशोधन हो, उघड्यावर, विचारून. वापर नाही. आणि संशोधनाच्या अंदाजपत्रकात मी पहिली रक्कम विमानांना देणार नाही, पावसाची मोजमापं आजही विरळ असलेल्या प्रदेशांना देईन. ज्यांचं नुकसान होऊ शकतं त्यांच्याकडे आधीची नोंदच नसेल तर त्यांचा दावा उभाच राहत नाही.

शुभ्रा

शेवटच्या वाक्याला उभं राहून टाळ्या. साहेलमध्ये पर्जन्यमापकांचं जाळं फार विरळ आहे, हे खरंच दुखणं आहे.

बेरीज_वजाबाकी

हिशेबनीस, "वापर नाही" म्हणजे कधीच नाही की अटींवर? अटी लिहा. माझी पहिली: उत्सर्जन सलग दहा वर्षं प्रत्यक्ष उतरलेलं दिसल्याशिवाय एकही विमान नाही. म्हणजे मधली_सुट्टींची ऑपरेशनची तारीखही आली.

ढगात_गोळी

ही अट मला चालेल. पण मग उलटी अडचण. ज्या जगात उत्सर्जन सलग दहा वर्षं उतरतंय, तिथे फवारणीची गरज सर्वात कमी. जिथे उतरत नाही तिथे गरज जास्त आणि तुमच्या अटीप्रमाणे मनाई. हे कसं सोडवणार?

मधली_सुट्टी

नाही सोडवणार. म्हणून तर मी नाही म्हणतेय.

समुद्रमंथन

@खलाशीबुवा, अवांतर प्रश्न: स्क्रबर लावलेली जहाजं अजूनही जास्त गंधकाचं तेल जाळतात ना? मग त्यांच्या धुरामागे ढगांची रेघ उमटते का?

खलाशीबुवा

जाळतात. स्क्रबरमध्ये धूर पाण्याने धुतात, त्यात बराचसा सल्फर डायऑक्साइड निघतो. सगळे कण निघतात असं नाही. रेघेचं विचाराल तर डेकवरून ती दिसत नाही, उपग्रहवाल्यांनाच विचारा. मात्र ते धुतलेलं आम्लधर्मी पाणी उघड्या प्रकारच्या स्क्रबरमधून थेट समुद्रात सोडतात, आणि म्हणून बऱ्याच बंदरांनी ते आपल्या हद्दीत बंद केलंय. एका खात्यातून काढून दुसऱ्यात टाकलं, एवढंच. हिशेबनीस, नोंद घ्या.